गोणी मिळाली, पण नत्र हवेत गेले : युरियाची टंचाई आणि दौंड-शिरूरचा खोडवा

२०२५ च्या खरिपात युरियासाठी लागलेल्या रांगा तुम्ही पाहिल्या असतील, कदाचित त्यात उभेही राहिला असाल. १ ऑगस्ट २०२५ रोजी देशातील युरियाचा साठा सुमारे ३७ लाख टन होता. आदल्या वर्षी त्याच तारखेला तो ८६ लाख टनांच्या आसपास होता. चीनकडून येणारा माल आटला, आयात वेळेवर झाली नाही आणि चांगल्या पावसामुळे मका व भाताची मागणी वाढली. त्याआधीच्या वर्षी, म्हणजे २०२४-२५ मध्ये, देशाने ३८८ लाख टनांच्या घरात युरिया वापरला होता. इतक्या मोठ्या मागणीत साठा थोडा जरी कमी पडला तरी त्याची कळ तालुक्याच्या दुकानापर्यंत पोचते. एका गोणीबरोबर नको असलेली दुसरी उत्पादने गळ्यात मारण्याच्या तक्रारीही दर टंचाईत होतात, तशा याही वेळी झाल्या.

पुरवठ्याची चर्चा भरपूर झाली. मिळालेल्या गोणीचे शेतात काय होते, यावर मात्र फार कोणी बोलत नाही. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र असते. ती गोणी तुम्ही ओलसर जमिनीवर किंवा पाचटावर फोकली आणि पाणी चार-सहा दिवसांनी दिले, तर त्यातील पाव हिस्सा, काही वेळा त्याहूनही जास्त, अमोनिया होऊन उडून जातो. पिकाला तो मिळत नाही आणि जमिनीतही राहत नाही.

पुणे-सोलापूर महामार्गावरील कासुर्डी, यवत हा पट्टा डोळ्यांपुढे आणा. दौंड तालुक्यात मुठा उजव्या कालव्याचे पाणी, शिरूरकडे घोड आणि चासकमानचे. दोन्हीकडे ऊस, साखर कारखाने, दौंडात शिवाय गुऱ्हाळे. नदीकाठाला खोल काळी जमीन, वर चढलात की मुरमाड. बऱ्याच शेतांत चुनखडी आहे आणि सामू आठच्या पुढे आहे. पाणी आवर्तनाने येते, म्हणजे खत टाकायचा दिवस तुमच्या हातात आणि पाण्याचा दिवस दुसऱ्याच्या. युरिया उडण्यासाठी याहून सोयीची परिस्थिती शोधून सापडणार नाही.

गोठ्यातला वास आणि शेतातला युरिया

सकाळी बंद गोठ्याचे दार उघडल्यावर नाकाला झोंबतो तो अमोनिया. जनावरांच्या मुतातही युरियाच असतो. जमिनीतील जिवाणू, कुजणारी पाने आणि पाचट यांत युरिएज नावाचे विकर असते. ओल मिळाली की ते युरियाचे अमोनिअम कार्बोनेट करते. तापमान तिशीच्या आसपास असेल तर हे काम दोन-तीन दिवसांत उरकते, थंडीत आठवडाभर चालते.

खरी गोम यापुढे आहे. हे होत असताना दाण्याभोवतीच्या मातीचा सामू काही दिवस झपाट्याने वाढतो, साडेआठ-नऊच्या पुढेही जातो. अमोनिअम हा मातीच्या कणांना चिकटून राहणारा प्रकार, तर अमोनिया हा उडणारा वायू. यातले किती कोणत्या रूपात राहील ते सामू ठरवतो. सामू ७ असताना शंभरातला एक भागही वायूरूपात नसतो. ८.२ ला आठ-नऊ भाग असतात. ९.२ ला जवळजवळ निम्मे! तुमच्या जमिनीचा सामू मुळातच ८.३ असेल, तर युरियाचा दाणा वरच्या पायऱ्यांवरूनच सुरुवात करतो.

तरीही हा वायू जमिनीत दोन-तीन इंच खाली तयार झाला, तर वर येताना वाटेतल्या मातीत अडकतो. काळ्या चिकण जमिनीत जास्त, मुरमाड जमिनीत कमी. पृष्ठभागावर तयार झाला तर त्याला अडवायला काहीच नसते. वारा आणि ऊन त्याला घेऊन जातात. म्हणून किती युरिया टाकला याच्या बरोबरीने तो कुठे पडला हे पाहावे लागते.

एक गैरसमज इथेच दूर करू. पूर्ण कोरड्या जमिनीवर कोरडा युरिया पडला तर तो लगेच उडत नाही, कारण विकराला ओल लागते. सर्वांत वाईट अवस्था म्हणजे जेमतेम ओल: वाफशावरची जमीन, पहाटेचे दव, किंवा चार थेंबांचा पाऊस. दाणा विरघळतो, पण खाली जात नाही. ‘जमीन ओली आहे, आताच फोकून घेऊ’ हा आपला नेहमीचा विचार नेमका इथे फसतो.

निमकोटेडचे काय?

२०१५ पासून देशात निंबोळी तेलाचे आवरण असलेला युरिया सक्तीचा आहे, त्यामुळे नत्र उडत नाही असे अनेकांना वाटते. कृषी सहायकांच्या बैठकांतही हे वाक्य ऐकू येते. ते बरोबर नाही. निंबोळी तेल मुख्यतः अमोनिअमपासून नायट्रेट होण्याचा वेग कमी करते. म्हणजे निचऱ्यावाटे वाहून जाणारे आणि पाणी साचल्यावर वायू होऊन जाणारे नत्र काही प्रमाणात वाचते. अमोनिया उडणे ही त्याआधीची पायरी आहे. अमोनिअम जास्त काळ अमोनिअमच राहिले आणि ते पृष्ठभागावर असले, तर उडायला उलट जास्त दिवस मिळतात. निमकोटेड युरियाही मातीआड करावाच लागतो.

ही पायरी रोखणारी रसायने जगात आहेत. जर्मनीत तर २०२० पासून नियमच आहे की दाणेदार युरियात युरिएज रोखणारा घटक हवा, नाहीतर तो टाकल्यावर चार तासांत मातीत मिसळायला हवा. आपल्याकडे चार तासांचा नियम कोणी लावणार नाही, पण तो आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिथली हवा आपल्यापेक्षा थंड आणि बऱ्याच जमिनी कमी चुनखडीच्या, तरी त्यांना घाई वाटते.

युरियाऐवजी अमोनिअम सल्फेट वापरले तर? त्यात नत्र साडेवीस टक्क्यांच्या आसपास आणि वर गंधक, त्यामुळे गंधकाची कमतरता असलेल्या जमिनीत ते चांगले. पण चुनखडीच्या जमिनीवर वरच्यावर टाकले तर त्यातूनही अमोनिया जातो. नॅनो युरियाची बाटली फवारणीसाठी आहे. तिने गोणीची जागा पूर्ण घ्यावी असा सल्ला मी देणार नाही. पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत दाणेदार नत्र कमी करून बाटलीवर भिस्त ठेवली, तेव्हा गहू आणि भाताचे उत्पादन घटले होते.

पाचट : चांगली शिफारस, अर्धवट अंमल

पाचट जाळू नका, हे तुम्ही वर्षानुवर्षे ऐकत आला आहात आणि आता बरेच जण जाळतही नाहीत. पाचटाची कुट्टी करून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकावे, ही शिफारस घरोघरी पोचली आहे. शिफारस योग्यच आहे. पाचटात कर्ब भरपूर, नत्र कमी. वरून नत्र दिले नाही तर कुजवणारे जिवाणू उसाच्या वाट्याचे नत्र ओढतात.

पण तिचा शेवटचा भाग गळतो. युरिया टाकल्यावर लगेच पाणी द्यायचे असते. प्रत्यक्षात ऊसतोड संपते, कुट्टी होते, त्याच दिवशी मजूर हाताशी आहेत म्हणून युरिया फोकला जातो आणि आवर्तन दहा दिवसांवर असते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पहाटे दव पडते, पाचट ओले होते, दाणे त्यावरच विरघळतात. पाचटात युरिएज मातीपेक्षा कितीतरी जास्त आणि अमोनिअम धरून ठेवणारी चिकणमाती मात्र नाही. दिवसा ऊन पडले की पाचट वाळते आणि अमोनिया जातो. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या उसात हे मोजून पाहिले आहे. पाचटावर टाकलेल्या युरियातील ३० ते ४० टक्के नत्र काही ठिकाणी असेच गेले.

तेव्हा कुट्टी आज करा, हरकत नाही. युरियाची गोणी मात्र पाणी बांधावर येईपर्यंत उघडू नका. पाण्याच्या दिवशी सकाळी टाका आणि लगेच पाणी सोडा. युरिया पाण्याबरोबर चटकन खाली उतरतो. १२ ते १५ मिलिमीटर पाणीही त्याला धोक्याबाहेर न्यायला पुरते. पाटपाण्याने आपण त्याच्या कित्येक पट देतो, त्यामुळे इथे दुसरा धोका असतो. सऱ्या तुडुंब भरून दोन-तीन दिवस पाणी साचवले, तर अमोनियापासून वाचवलेले नत्र पुढे नायट्रेट होऊन निचऱ्यावाटे किंवा वायूरूपाने जाते. पाणी हलके द्या.

पहार आणि पैशांचा हिशेब

खोडव्याच्या मुख्य खतमात्रेसाठी महात्मा फुले कृषी विद्यापीठाची पहारीची पद्धत याच अडचणीवरचा उपाय आहे. पहिली मात्रा तोडणीनंतर पंधरा दिवसांच्या आत सरीच्या एका बाजूला, दुसरी सुमारे १३० दिवसांनी दुसऱ्या बाजूला. बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर तितकेच खोल छिद्र, दोन छिद्रांत ३० सेंटिमीटर अंतर, खत टाकून छिद्र मातीने बुजवायचे. बुजवणे महत्त्वाचे, उघडे छिद्र म्हणजे चिमणीच.

आता एका एकराचा हिशेब. खोडव्याला हेक्टरी २५० किलो नत्र धरले तर एकरी १०० किलो. सगळे युरियातून द्यायचे ठरवले तर २१७ किलो, म्हणजे पाचाला थोड्या कमी गोण्या. (स्फुरदासाठी डीएपी किंवा १२:३२:१६ वापरत असाल तर त्यातील नत्र वजा करा, हे वजा करायला अनेक जण विसरतात.) फोकून दिल्यावर पाव भाग उडाला तर २५ किलो नत्र, म्हणजे सुमारे ५४ किलो युरिया, सव्वा गोणीच्या जवळपास. २६६ रुपये ५० पैशांच्या गोणीने ही किंमत होते साधारण ३२० रुपये.

त्या ३२० रुपयांत पहार घेऊन दिवसभर राबणारा एक मजूर जेमतेम येईल, आणि एका एकराला एक मजूर पुरत नाही. म्हणजे नुसता खताचा खर्च पाहिला तर फोकणेच परवडते. हे मान्य केल्याशिवाय विस्तार कार्यकर्त्याने शेतकऱ्यासमोर पहारीचे कौतुक करू नये. शेतकरी मनात हा हिशेब आधीच करून बसलेला असतो.

पण हिशेब इथे संपत नाही. अनुदान नसेल तर या गोणीची किंमत सुमारे २२०० रुपये पडते, असे केंद्र सरकारनेच २०२३ मध्ये सांगितले होते. म्हणजे तुमच्या एकरातून उडणारे नत्र सार्वजनिक पैशात अडीच हजारांच्या वर जाते. युरिया इतका स्वस्त आहे की तो वाया घालवणे परवडते, आणि म्हणूनच त्याची टंचाई होते, असे माझे मत आहे. तुमच्या दृष्टीने मात्र प्रश्न वेगळा आहे: उडालेले २५ किलो नत्र पिकाला कमी पडले, त्याचे काय? ते भरून काढायला सहावी गोणी लागेल, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ती किती दुकानांत मिळत होती?

पहार जमत नसेल तर मधले मार्ग आहेत. लागणीच्या उसात नत्राचे चार हप्ते करतात: लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४०. यातला बांधणीचा हप्ता आपोआप मातीआड होतो, फक्त खत आधी आणि भर नंतर हा क्रम त्याच दिवशी पाळा. सहा-आठ आठवड्यांचा हप्ता सर्वांत जास्त उडतो, कारण ऊस लहान, जमीन उघडी आणि सुरू लागणीत हे दिवस मार्च-एप्रिलच्या उन्हाचे. तो हप्ता बैलाच्या किंवा पॉवर टिलरच्या अवजाराने मातीत मिसळा. ठिबक असेल तर युरिया पाण्यातूनच द्या. तो थेट मुळांजवळ मातीत मुरतो. संच बंद करण्याआधी थोडा वेळ साधे पाणी चालू ठेवा.

शेतीशाळेसाठी एक प्रयोग

कृषी सहायक आणि कृषिमित्रांना सुचवतो. झाकणाच्या दोन काचेच्या बरण्या घ्या. दोन्हींत त्याच शेताची ओलसर माती चार बोटे भरा. एकीत चमचाभर युरिया वर पसरा, दुसरीत तितकाच युरिया मातीच्या तळाशी गाडा. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या किंचित ओल्या करून झाकणाला आतून चिकटवा. हळदीत चुना मिसळला की कुंकू होते, हे घरात सर्वांना माहीत असते. अमोनियानेही हळद तशीच लालसर होते. दोन-तीन दिवसांत वर युरिया असलेल्या बरणीतील पट्टीचा रंग आधी बदलेल, आणि झाकण उघडल्यावर वासही येईल. तिसरी बरणी पाचटाची ठेवलीत तर आणखी चांगले. माती मात्र गावातलीच घ्या, एक काळी आणि एक मुरमाड, म्हणजे दोन्हींतला फरकही दिसेल.

आणि घरात माती परीक्षणाचा अहवाल पडून असेल तर तो काढा. त्यात सामू आणि मुक्त चुना हे दोन रकाने बघा. सामू आठच्या पुढे असेल आणि चुनाही जास्त दाखवला असेल, तर या हंगामात तुमचा एकही हप्ता उघड्यावर पडणार नाही अशी व्यवस्था आवर्तनाचे वेळापत्रक कळताच करून ठेवा.