फ्रोझन लॅम्बचा आलेख बघून पैसे लावू नका, आधी भागाकार करा



मागच्या आठवड्यात क्लास संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. यावल तालुक्यातलाच. मोबाइलवर त्याने एक आलेख दाखवला. फ्रोझन लॅम्बचे, म्हणजे गोठवलेल्या कोकराच्या मांसाचे जागतिक भाव, आणि रेघ सरळ वर गेलेली. म्हणाला, "सर, भाव पाहा ना कुठे चालला. आपल्याकडे बकऱ्या कमी आहेत का? घरात केळीचे आठ लाख आलेत. एक्स्पोर्टच सुरू करतो."

आठ लाख म्हणजे त्या घराचा पूर्ण हंगाम. मी म्हटलं, "थांब. आधी वही काढ." त्या दिवशी वहीत जे लिहिलं, तेच आज तुमच्यासाठी लिहितोय. कारण हाच प्रश्न मला आता दर बॅचमध्ये कुणी ना कुणी विचारतं.

आपण केळी पट्ट्यातली माणसं. बोर्डावर लागलेला भाव वेगळा आणि बागेत हातात पडलेला भाव वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मग मटणाच्या बाबतीत आपण हे का विसरतो?

आलेख कुणाचा आहे, ते आधी बघा

लॅम्ब म्हणजे साधारण वर्षाच्या आतलं मेंढीचं कोकरू. आपल्याकडे मटण म्हटलं की बहुतेक वेळा बोकड असतो. आंतरराष्ट्रीय व्यापारात मेंढी-बकरीच्या मांसाचा मुख्य कोड एकच, ०२०४. पण आत फोड वेगळी आहे. गोठवलेल्या अख्ख्या लॅम्बचा कोड ०२०४३०, बकरीच्या मांसाचा ०२०४५०. इंटरनेटवर जो लॅम्बचा आलेख दिसतो, तो बहुतेक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मालाचा असतो. जगाला लॅम्ब विकणारे मोठे देश हेच दोन. तो आलेख तुमच्या गोठ्यातल्या बोकडाचा नाही.

बरं, तो आलेख तरी सरळ आहे का? २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात लॅम्बचे भाव जोरात कोसळले. कळप वाढलेले होते, पाऊस कमी पडेल अशी भीती होती, म्हणून शेतकऱ्यांनी जनावरं एकदम बाजारात आणली. पुढे माल कमी झाला आणि २०२५ मध्ये तिथे विक्रमी भाव झाले. दोन वर्षांत तळ आणि शिखर दोन्ही! ज्याने फक्त शेवटचे सहा महिने बघितले, त्याला वाटणार की भाव नेहमी वरच जातो. केळीत असं मानणाऱ्याचं काय होतं, ते तुम्ही पाहिलंय.

आता आपल्या देशाचा भागाकार करू

अपेडाच्या आकड्यांनुसार २०२२-२३ मध्ये भारताने मेंढी-बकरीचं मांस निर्यात केलं ९,५९२ टन. किंमत आली ५३७ कोटी रुपये. भागून बघा. किलोला साधारण ५६० रुपये.

त्या वर्षी आपल्याकडे दुकानात मटण साडेसहाशे-सातशेच्या घरात होतं. म्हणजे निर्यातीचा सरासरी भाव आपल्या गावच्या खाटकाच्या भावापेक्षा कमी! हे ऐकून तो मुलगा दोन मिनिटं बोललाच नाही.

असं का होतं? एक तर निर्यातीचा भाव घाऊक असतो, तोही बंदरावर किंवा विमानतळावर माल पोचवल्यापर्यंतचा. दुसरं, मटणाचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक आपला देशच आहे. देशात वर्षाला मेंढी-बकरीचं मांस वीस लाख टनांच्या वर तयार होतं. बाहेर जातं त्याच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. ज्या मालाला घरातच एवढी मागणी आहे, तो बाहेर स्वस्तात कोण आणि कशासाठी पाठवेल? ज्याच्याकडे मोठं प्रमाण आहे, कायमचं गिऱ्हाईक आहे आणि खर्चावर पकड आहे, तोच.

आठ लाखांत काय येतं?

आपल्या निर्यातीतला बराचसा माल गोठवलेला नसतोच. थंड केलेलं अख्खं धड विमानाने आखाती देशांत जातं. पण तुम्हाला फ्रोझनच करायचंय असं धरू. चाळीस फुटी रीफर कंटेनरमध्ये साधारण पंचवीस टन माल बसतो. ५६० ने गुणा. एक कोटी चाळीस लाख. एका कंटेनरचे! आठ लाखांत त्यातला दीड टनसुद्धा भरत नाही.

शिवाय मांस कुठेही कापून पाठवता येत नाही. अपेडाकडे नोंद असलेल्या कत्तलखान्यातून आणि प्रक्रिया केंद्रातूनच ते जातं. पशुवैद्यकीय आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आखातासाठी हलाल प्रमाणपत्र लागतं. उणे १८ अंशांची साखळी कुठेच तुटायला नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि दुपारी लाइट जाते. माझ्या दुकानातल्या डीप फ्रीझरचं झाकण त्या वेळी मी कुणाला उघडू देत नाही, आणि त्यात तर फक्त आइस्क्रीम असतं.

मग आयात करू का?

हा पुढचा प्रश्न असतोच. कारण २९ डिसेंबर २०२२ पासून ऑस्ट्रेलियाबरोबरचा व्यापार करार लागू झाला आणि तिथल्या मेंढीच्या मांसावरची ३० टक्के आयात ड्युटी गेली. खरंय. पण तो माल जातो मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत. फैजपूरला लॅम्ब चॉप कोण मागतं?

आणि डॉलर विसरू नका. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७५ रुपयांच्या आसपास होता. त्याच ऑक्टोबरात ८३ च्या पार गेला. समजा माल दहा डॉलर किलो. तिकडे भाव एका सेंटनेही हलला नाही, तरी तुमची खरेदी साडेसातशेवरून आठशेतीसवर गेली. हे ऐंशी रुपये त्या आलेखात कुठेच दिसत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे

पाच-दहा लाखांच्या भांडवलावर आपल्या माणसाने मांस निर्यातदार व्हायला जाऊ नये. त्याने निर्यातदाराला आणि शहराच्या बाजाराला लागणारा माल नीट पुरवावा. यात कमीपणा नाही. रावेर-यावलची केळी परदेशात जाते, ती काय प्रत्येक शेतकऱ्याने स्वतः कंटेनर भरून? कंपनीला हवा तसा घड तयार केला, हाताळणी शिकला, मग भाव मिळाला. काही जण त्यातूनच पुढे पॅकहाउसपर्यंत गेले. पायरी हीच असते.

बोकडात पहिली पायरी वजनकाट्याची आहे. आजही आपल्या आठवडे बाजारात बोकड नगावर, नजरेच्या अंदाजाने विकला जातो. व्यापाऱ्याची नजर रोजची, आपली वर्षातून दोनदाची. हिशोब करा. समजा जिवंत वजनाचा भाव ४०० रुपये किलो. तीस किलोचा बोकड अंदाजाने अठ्ठावीसचा धरला, तर एका नगामागे आठशे गेले. वीस बोकडांमागे सोळा हजार. वीस बोकड विकले की काट्याचे पैसे वसूल!

दुसरी पायरी वेळेची. बकरी ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२४ ला १७ जूनला होती, २०२५ ला ७ जूनला. आपला माल कोणत्या महिन्यात तयार हवा, हे त्यावरून मागे मोजत या. तिसरी पायरी लसीकरणाची. पीपीआरची लस चुकवली आणि रोग शिरला, तर सगळा हिशोब वहीतच राहतो.

मी निर्यातीच्या विरोधात नाही. नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून जिवंत शेळ्या-मेंढ्या आखातात गेल्या आहेत. बाजार आहे. पण तिथे शंभर नग एकसारख्या वजनाचे, निरोगी, नोंदी असलेले लागतात. असे शंभर नग गोळा करून देणारा गट आपल्या तालुक्यात उभा राहिला, तर निर्यातदार स्वतः फोन करेल.

तो मुलगा आठ लाख घेऊन घरी गेला. त्यातले दीड लाख तो बोकडांत घालणार आहे, बाकीचे बँकेत. मला हे धंद्याचं लक्षण वाटतं.

तुमच्यासाठी गृहपाठ. वहीत तीन रकाने पाडा. पहिल्यात तुमच्या गावचा मटणाचा भाव, दुसऱ्यात जिवंत बोकडाचा किलोचा भाव, तिसऱ्यात या दोघांमधला फरक कोण खातो त्याचं नाव. कापणारा, दलाल, वाहतूक, सगळं लिहा. त्या तिसऱ्या रकान्यातलं एखादं काम तुम्हाला जमेल का, ते बघा.

धंदा तिथे आहे. भेटू पुढच्या व्हिडिओत.