तंबोरा बोलत नाही? आधी तारा पाहा

सुगी आटोपली की गावोगावी भजनाला पुन्हा रंग चढतो. घरातली मुलगी गाणे शिकू लागते आणि कुणाकडचा तरी जुना तंबोरा घरी येतो. चार दिवसांत तक्रार सुरू होते: सूर टिकत नाही, आवाज मुका येतो. मग तंबोरा कोपऱ्यात जातो आणि नव्याची किंमत विचारली जाते. पण घाई करू नये. भोपळ्याला तडा नसेल आणि दांडी वाकलेली नसेल, तर दोष बहुधा तारांत, खुंट्यांत किंवा दोऱ्यात असतो. तो घरच्या घरी दूर होतो.

हे वाद्य आपल्या जिल्ह्याला परके नाही. पंढरपूरकडे भीमाकाठी पिकणारा कडू भोपळा वाळवून मिरजेला जातो आणि तेथे त्याचा तंबोरा होतो. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत या कामाचा पाया घातला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

तारा चार असतात. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, म्हणजे षड्जाच्या, आणि शेवटची खर्जाची. जोडीच्या तारा पोलादी, खर्जाची पितळी. पुरुषांचा तंबोरा साधारण काळी एकच्या आसपास लागतो, बायकांचा काळी चार-पाचला. म्हणून दुकानात जाताना जुन्या तारेचा तुकडा बरोबर न्यावा आणि आपली पट्टी सांगावी. पुरुषांच्या जाड तारा बायकांच्या पट्टीला ताणल्या तर तबलीवर भार येतो आणि तार तुटते. तुटलेली तार डोळ्याला लागू शकते. ताण देताना तोंड बाजूला ठेवावे, लहान मुलांना जवळ बसवू नये.

चारही तारा एकदम काढू नयेत. एक काढावी, तिच्या जागी नवी लावावी, मग दुसरीकडे वळावे. खुंटी सरकत असेल तर तिला थोडा खडू लावावा आणि पिळताना आत दाबावी. तेल कधीही लावू नये. नवी तार दोन-तीन दिवस उतरतच राहते. तो तारेचा स्वभाव आहे. तेवढ्यावरून तिला खोटी ठरवू नये.

सूर लावताना पेटीवरचा षड्ज धरावा. पेटी नसेल तर मोबाइलवरचा तंबोराही चालेल. आधी जोडी, मग खर्ज, शेवटी पंचम. खुंटीने सूर जवळ आणावा, उरलेली कसर मण्याने काढावी. मणी घोडीपासून दूर, खाली सरकवला की सूर चढतो. घोडीकडे आणला की उतरतो.

सूर लागूनही झंकार उमटत नसेल, तर घोडीवर तारेखालचा सुती दोरा पाहावा. तार छेडत राहून दोरा केसभर मागे-पुढे करावा. एका जागी आवाज एकदम खुलतो. दोरा झिजला असेल तर बदलावा. एवढ्यानेही झंकार आला नाही तर घोडीची जवारी गेली आहे असे समजावे. ती काढणे हे कारागिराचेच काम. कानस हाती घेऊन घोडी घासू नये. एकदा जादा घासलेले परत भरून येत नाही.

वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, नाहीतर पावसाळ्यात गंज धरतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तंबोरा पत्र्याखाली किंवा चुलीजवळ ठेवू नये. लाकूड आणि भोपळा तडकतो. गवसणी घालून, मऊ अंथरुणावर आडवा ठेवावा. एसटीने न्यायचा असेल तर तारा थोड्या सैल कराव्यात आणि तंबोरा मांडीवर घ्यावा, टपावर टाकू नये.

नव्या तारांचा खर्च नव्या तंबोऱ्याच्या मानाने किरकोळ आहे. आणि शिकणाऱ्या मुलीचा कान रोज ज्या सुरावर तयार होतो, तो सूर खरा असला पाहिजे.