विश्लेषण : काचेवर पाणी उडत नाही, पंप खरेच बिघडला आहे का?

पावसाळा सरला की कुंभार्ली घाटात चढणाऱ्या-उतरणाऱ्या मोटारींच्या काचा धुळीने लाल होऊ लागतात. स्टिअरिंगजवळची दांडी ओढली, वायपर फिरला, पण पाणी आलेच नाही, तर तीच धूळ काचेवर अर्धवर्तुळात सारवली जाते आणि समोरचा ट्रक दिसेनासा होतो. ‘वॉशरचा पंप गेला’ हे निदान मग बॉनेट न उघडताच केले जाते. चिपळूणपासून वीसेक किलोमीटरवर असलेल्या अलोरेसारख्या गावात त्यापायी गॅरेजचा एक हेलपाटा पडतो. नाही तर काम पुढच्या सर्व्हिसिंगवर ढकलले जाते आणि गाडी तशीच घाटात जाते. यातला दुसरा पर्याय धोक्याचा आहे आणि पहिला बहुतेकदा अनावश्यक. दोष पंपाचा आहे की नाही, हे घरच्या अंगणात अर्ध्या तासात कळू शकते.

कोकणात हा बिघाड किरकोळ का नाही?

कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या वसाहतीमुळे ओळखले जाणारे अलोरे सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. पाटण-कऱ्हाडकडे जायचे तर कुंभार्ली घाट, मुंबईकडे जायचे तर चिपळूण ओलांडून परशुराम घाट. जांभ्याची माती, अवजड वाहने आणि मुंबई-गोवा महामार्गाचे वर्षानुवर्षे रखडलेले चौपदरीकरण यांमुळे येथे काचेवर धूळ किंवा चिखल नाही असे दिवस थोडेच. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर पुढे सरकते. काच साफ होण्यात तीन सेकंद गेले, तर चालकाने ३३ मीटर अंतर अंदाजाने कापलेले असते. घाटातले वळण त्याच्या आत येऊ शकते.

‘एवढा पाऊस असताना वॉशर कशाला’ हा युक्तिवाद येथे नेहमी ऐकू येतो. मुसळधार पावसात तो खराही आहे. त्रास होतो तो उघडिपीत. रस्ता ओला, वरून पाऊस नाही, पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेला चिखल आणि तेलकट थर काचेवर, अशा वेळी कोरडा वायपर फिरवणे म्हणजे काच आणखी माखून घेणे. शिवाय पावसाळ्यात महिनोन्महिने न वापरलेल्या टाकीत शेवाळ धरते, तळाशी गाळ बसतो आणि ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा दांडी ओढल्यावर पंप अडकलेला निघतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०१ वायपरविषयी आहे. वायपर चालू असणे कायद्याला हवे असते. पण पाण्याशिवाय वायपर किती उपयोगाचा, हे घाटात एकदा संध्याकाळी मावळतीचा सूर्य समोर असताना उतरले की समजते.

यंत्रणा नेमकी कशी चालते?

टाकीच्या तळाशी रबरी बुचात खोचलेली १२ व्होल्टची लहान मोटर आणि तिच्या टोकाला पाणी फेकणारा छोटा पंखा, एवढाच हा पंप. तो पाणी वर शोषून घेण्यात कच्चा आणि पुढे ढकलण्यात पक्का असतो. म्हणूनच त्याची जागा तळाशी. पंपातून नळी बॉनेटखालच्या नोझलपर्यंत जाते. वाटेत किंवा नोझलमध्येच बहुधा एक झडप असते, जी नळीतले पाणी परत टाकीत उतरू देत नाही. पुढच्या आणि मागच्या दोन्ही काचांना पाणी देणाऱ्या अनेक हॅचबॅक गाड्यांत एकाच पंपाला दोन तोंडे असतात. मोटर एका दिशेने फिरली की पुढे पाणी, उलटी फिरली की मागे.

ही शेवटची गोष्ट निदानात फार कामाची. अशा गाडीत मागच्या काचेवर पाणी उडत असेल आणि पुढे नाही, तर मोटर जळालेली नाही हे तेथेच कळते.

दोष पंपाचाच, हे कसे ओळखावे?

आधी टाकीत पाणी आहे का ते पाहावे. हा सल्ला हास्यास्पद वाटेल, पण टाकीला बारीक तडा गेला असेल तर काल भरलेले पाणी आज नसते. मग इंजिन बंद, किल्ली ‘ऑन’, बॉनेट उघडे. एकाने आत बसून दांडी ओढावी, दुसऱ्याने टाकीजवळ कान द्यावा. बारीक ‘घुंऽऽ’ आवाज येतो की नाही, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

आवाज येत असेल तर वीज पोहोचते आहे आणि मोटर फिरते आहे. अडथळा पाण्याच्या वाटेत आहे. नोझलजवळची नळी काढून पुन्हा दांडी ओढावी. नळीतून धार आली तर नोझल तुंबले आहे. देशावर विहिरी-बोअरच्या जड पाण्याचे क्षार नोझलमध्ये साठतात, कोकणात धूळ, शेवाळ आणि साबणाचा साका. बारीक सुईने हलकेच मोकळे करावे, जोर लावू नये. भोक मोठे झाले तर धार काचेऐवजी छतावर जाते. नळीतून धार आली नाही तर मागे मागे जावे. नळी निसटली आहे का, दुमडली आहे का, उंदराने कुरतडली आहे का? अंगणात किंवा गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत ही शेवटची शक्यता पहिली धरावी. पंपाच्या तोंडाशीच पाणी नसेल तर तळाची जाळी गाळाने बंद झालेली असते. पाणी येते पण दोन-तीन सेकंद उशिरा, असे असेल तर त्या झडपेकडे पाहावे.

आवाजच येत नसेल तर प्रश्न विजेचा. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर तक्ता असतो. त्यात वॉशरचा फ्यूज शोधावा. काही गाड्यांत तो वायपरबरोबर एकत्र असतो. जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घालावा. तोही लगेच उडाला तर मोठा फ्यूज किंवा तार घालण्याचा मोह टाळावा. पंप अडकला आहे किंवा वायर कोठे तरी चिकटली आहे, असा त्याचा अर्थ.

फ्यूज ठीक असेल तर पंपाचा कनेक्टर काढून त्याच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावावा आणि दांडी ओढायला सांगावी. साधारण १२ व्होल्ट दिसले आणि पंप मुका, तर पंप गेला. काहीच दिसले नाही तर नवा पंप आणूनही पाणी उडणार नाही. दोष दांडीतल्या स्विचचा, अर्थिंगचा किंवा वायरिंगचा आहे. येथे एक फसवणूक संभवते. गंजलेल्या वायरमधूनही मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे मीटरबरोबर १२ व्होल्टचा साधा बल्ब लावून पाहणे अधिक खात्रीचे. बल्ब लख्ख पेटला तर पुरवठा खरा, मिणमिणला तर कनेक्टर आणि अर्थिंग घासून साफ करावे. २२ जुलै २०२१च्या महापुरात चिपळुणात गाड्या बुडाल्या. तसे पाणी ज्या गाडीत शिरले आहे, तिच्या कनेक्टरमधला हिरवा-पांढरा गंज आधी तपासावा.

बदलायचा कसा?

पंप काही शे रुपयांत मिळतो. तो गाडीच्या मॉडेलनुसार घ्यावा आणि रबरी बूचही नवे घ्यावे. अनेक गाड्यांत टाकी पुढच्या चाकाच्या वर, आतल्या प्लास्टिक आवरणामागे असते. चाक पूर्ण वळवून, आवरणाच्या पुढच्या काही क्लिपा काढल्या की हात जातो. गाडी उचलावी लागलीच तर केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. किल्ली काढावी, खाली घमेले ठेवावे. पंप ओढताच टाकी रिकामी होणार आहे. कनेक्टर, नळ्या आणि मग पंप हलकेच फिरवत बाहेर काढावा. दोन नळ्या असतील तर आधी मोबाइलवर फोटो घ्यावा, कारण त्या उलट लागल्या तर पुढची दांडी ओढल्यावर मागची काच धुतली जाते. टाकीतला गाळ खळखळून काढावा. हे टाळले तर नवा पंपही त्याच चिखलात बसतो. बूच पाण्याने ओले करून पंप दाबून बसवावा, टाकी भरावी आणि आवरण लावण्यापूर्वी गळती पाहावी. भरताना पाणी फडक्यातून गाळून घ्यावे. टाकी रिकामी असताना दांडी ओढत राहू नये. पाण्याविना फिरणारा पंप लवकर झिजतो.

मग हे घरोघरी का होत नाही?

लोकांना जमत नाही, हे उत्तर अपुरे आहे. शेतीपंपाची मोटर उतरवून पुन्हा बसवणारे हात या पट्ट्यात कमी नाहीत. अडते ते रचनेवर आणि माहितीवर. काही शे रुपयांच्या भागासाठी काही गाड्यांत पुढचा बंपर उतरवावा लागतो. मालकाला मिळणाऱ्या पुस्तिकेत पाणी कोठे ओतायचे ते असते, पंप कोठे आहे ते सहसा नसते.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने खुल्या बाजारापासून रोखल्याबद्दल एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर अपिले झाली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू केले. मोटारी त्यातल्या चार क्षेत्रांपैकी एक. पाऊल चांगले आहे. पण पोर्टलवर कंपनीच्या ग्राहकसेवेचा क्रमांक मिळून अलोरेच्या मालकाचे काम होत नाही. त्याला हवे आहे पंपाची जागा दाखवणारे एक चित्र, भागाचा क्रमांक आणि मराठीत फ्यूजचा तक्ता. टायर बदलण्याची सचित्र माहिती पुस्तिकेत देता येते, तर ही दोन पाने देण्यात अवघड काहीच नाही.

घरी हात घालू नये अशा गाड्याही आहेत. वॉरंटीतल्या गाडीचे काम सर्व्हिस सेंटरकडूनच करून घ्यावे, ते तेथे बहुधा फुकट होते. बंपर उतरवण्याशिवाय पंप दिसत नसेल आणि बंपरमागे सेन्सर असतील, तर पंप बदलण्याचे काम मेकॅनिककडे द्यावे. मात्र आवाज ऐकणे, नळी काढून पाहणे आणि फ्यूज तपासणे अंगणातच उरकून जावे. म्हणजे ‘पंप गेला’ असे त्याने सांगितल्यावर ‘कनेक्टरवर वीज येते का ते पाहिले का?’ असे त्याला विचारता येते.