इंजिन मोठं, ब्रेक तेच

आधी एक खुलासा. आमची पाली म्हणजे अष्टविनायकातली पाली नव्हे, ती रायगडात. ही रत्नागिरी जिल्ह्यातली, मुंबई-गोवा हायवेवरची. हातखंब्यापासून बरोबर येणारे गोव्याचा आणि कोल्हापूरचा हे दोन रस्ते इथे एकमेकांचा निरोप घेतात. त्यामुळे गाड्यांच्या जगात नवीन काय चाललंय हे आम्हाला फारसं शोधावं लागत नाही. ते आपणहून दारावरून जातं, आणि हल्ली बरंच आधी ऐकूही येतं.

खाली टेकलेल्या होंडा सिटी, वर उचललेल्या थार, मागे पंख लावलेल्या छोट्या गाड्या, आणि फटाके फोडत जाणारे सायलेन्सर. यावर गावात दोनच मतं असतात. एक, "पोरं बिघडली". दुसरं, पोरांचं स्वतःचं, "पॅशन आहे". मला दोन्ही अर्धवट वाटतात. शौक वाईट नाही. अर्धवट केलेलं काम वाईट. आणि ते काम अर्धवट राहायला आपला कायदाही थोडा जबाबदार आहे, असं माझं मत आहे. पटतंय का बघा.

एका गाडीचं इंजिन दुसरीत घालणं हा काही इंटरनेटवर व्हिडिओ बघून आलेला नवा रोग नाही. १९७३ साली तेलाचे भाव तीन-चार महिन्यांत चौपट झाले आणि पेट्रोलवर चालणारी अँबॅसिडर घरात ठेवणं म्हणजे पांढरा हत्ती पोसणं झालं. पुढच्या काळात देशभरच्या मिस्त्र्यांनी त्यावर तोड काढली. पेट्रोल इंजिन उतरवायचं आणि डिझेल बसवायचं. मटाडोरचं इंजिन पोटात घेऊन धडधडत जाणाऱ्या अँबॅसिडर ज्यांनी पाहिल्यात त्यांना तो आवाज अजून आठवत असेल. जुन्या जीपांचंही तेच. त्यात शर्यत नव्हती, मिरवणं नव्हतं. चार पैसे वाचवायचे होते, बस्स.

आणि हा उद्योग फक्त गॅरेजवाल्यांनी केला असं नाही, कंपन्यांनीही केला! १९८४ ला आलेली काँटेसा म्हणजे इंग्लंडच्या जुन्या व्हॉक्सहॉलचा देह आणि आत आपल्या अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन. एवढा थोरला देह त्या इंजिनाला ओढवेना, म्हणून पुढे इसुझुचं १.८ लिटरचं आलं आणि गाडीत जीव आला. १९८५ ची प्रीमियर ११८ एनई तर फियाट १२४ चं शरीर आणि निसानचं इंजिन. त्याच वर्षीची स्टँडर्ड २००० म्हणजे बाहेरून देखणी रोव्हर आणि आतून कंपनीचं कित्येक वर्षांपूर्वीचं इंजिन. ती काही चालली नाही, थोड्याच वर्षांत बंद पडली.

यातून माझ्यासारख्या सामान्य माणसालाही एक गोष्ट कळते. इंजिन बसणं वेगळं आणि शोभणं वेगळं. लग्नासारखंच आहे ते :)

आता आजच्या पोरांकडे येऊ. मारुतीच्या बाबतीत हा खेळ फार सोपा होता. झेनचं एक लिटरचं आणि एस्टीमचं १.३ लिटरचं, ही दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली. त्यामुळे साधारण ५० अश्वशक्तीच्या झेनमध्ये एस्टीमचं ८५ अश्वशक्तीचं इंजिन घालायला फार आटापिटा करावा लागत नाही. गाडी तेवढीच हलकी आणि ताकद दीडपटीहून जास्त. असं काही तयार झाल्यावर कोणालाही चेव येणारच!

पण पुढचं गणित कोणी मांडत नाही. वेग वाढला की गाडीत साठणारी ऊर्जा त्याच्या वर्गाच्या हिशोबाने वाढते. ताशी ८० किलोमीटरचे ११३ झाले की ऊर्जा दुप्पट. ती सगळी थांबताना ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरवावी लागते. ब्रेक मात्र ५० अश्वशक्तीच्या हिशोबाने दिलेले. आंबा घाट उतरताना दोन-चार वळणांवर जोरात दाबले की तापतात, आणि तापलेला ब्रेक पायाखाली असतो पण चाकाला धरत नाही. शिवाय क्लच, गिअरबॉक्स, शॉकअब, टायर, इंजिन पेलणारी फाउंडेशनं हे सगळंच त्या जुन्या ताकदीच्या मापाचं. इंजिनाला लाखभर घालणारा माणूस ब्रेकसाठी दहा हजार काढताना कां कूं करतो, कारण ब्रेक मित्रांना दाखवता येत नाहीत. बॉनेट उघडून दाखवता येतं, सायलेन्सर ऐकवता येतो. ब्रेकचं काय दाखवणार?

आणि हे सगळं "रेसिंगवरून प्रेरणा घेऊन"! इथे मला जरा हसू येतं. कारण रेसिंगमधलं नेमकं जे घ्यायचं तेच आपण घेत नाही.

कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांचं उदाहरण घ्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मारुतीचं साधं इंजिन वापरून एका माणसाच्या रेसिंग गाड्या बनवल्या. परदेशी गाडी परवडत नाही ना, मग आपल्याकडे आहे त्यातून करू. नारायण कार्तिकेयन अशाच गाड्यांवर सुरुवात करून २००५ साली फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय झाला. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. कोइमतूरचा २००३ साली सुरू झालेला कारी स्पीडवे त्यांच्या नावाचा. म्हणजे "इंजिन काढून दुसरीकडे घालणं" यातून केवढं काम उभं राहू शकतं बघा.

पण त्या गाड्या ट्रॅकवर धावायच्या. आणि ट्रॅकवर जायच्या आधी तपासनीस गाडीची कुंडली मांडतात. ब्रेक बघतात, पट्टे बघतात, उलटली तर डोकं वाचवणारा लोखंडी पिंजरा बघतात, आग विझवायची सोय बघतात. एक गोष्ट कमी असेल तर गाडी बाहेर. शर्यतीचा आत्मा हा आहे, मागचा पंख नव्हे. समोरून चिऱ्याचा ट्रक येत नाही, मध्ये गुरं बसलेली नाहीत, शाळेची पोरं रस्ता ओलांडत नाहीत, आणि तरी एवढी तपासणी! आमच्या हायवेवर हे सगळं आहे. वर दशकाहून जास्त रेंगाळलेलं चौपदरीकरण आणि कोकणातला पाऊस. इथे मात्र तपासणी शून्य.

ती शून्य का, तर कायद्याने अशी गाडी अस्तित्वातच नाही. हा भाग जरा नीट वाचा, कारण बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये पूर्वी आरटीओच्या मंजुरीने गाडीत बदल करायची वाट होती. २००० सालच्या दुरुस्तीने ती बहुतेक बुजवली. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही स्पष्ट केलं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल चालणार नाही. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन बदलता येतं, मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवता येतं. झेनमध्ये एस्टीम मात्र नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही ठरवली. दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

काही बंधनं अगदी योग्य आहेत. पुढच्या लोखंडी गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये बंदी आणली, कारण तो पादचाऱ्याला चिरडतो आणि एअरबॅगचं काम बिघडवतो. सायलेन्सरबद्दल तर मला काडीची सहानुभूती नाही. पोलीस ते रोडरोलरखाली घालतात तेव्हा बरं वाटतं. रात्री दोन वाजता हायवेकाठच्या घरातल्या आजारी माणसाला दचकवून उठवण्यात कसली आलीय पॅशन?

पण सरसकट बंदीने शौक थांबला का? नाही. तो फक्त पत्र्याच्या शेडमागे गेला. जो मिस्त्री नीट काम करतो आणि जो वेल्डिंगचे दोन ठिपके देऊन मोकळा होतो, कायद्याच्या नजरेत दोघे सारखेच. मग नीट काम करायचं कशाला? अपघात झाला की विमा कंपनी गाडीकडे बघून हात वर करू शकते, आणि त्याचा फटका बसतो समोरून मोटारसायकलवर येणाऱ्या माणसालाही. आणि चौथ्या हाताने ती गाडी घेणाऱ्या गरिबाला तर आत कोणाचं इंजिन आहे हे पासिंगच्या वेळी कळतं.

जर्मनीत राहणारे आपले नातेवाईक सांगतील, तिथे गाडी बदलता येते. पण मग टीयूव्हीसारख्या संस्थेकडून तपासून घ्यायची, बदल कागदावर चढवायचा. ब्रिटनमध्येही घरी बनवलेली एकेकटी गाडी तपासून रस्त्यावर आणायची पद्धत आहे. पैसे पडतात, वेळ जातो, आणि म्हणूनच हौशे-गवशे गळतात. उरतात ते खरे.

"आपल्याकडे पाकीट देऊन सगळं पास होईल" असं कोणी म्हणेल. शक्य आहे. पण आता यंत्रांवर ब्रेक तपासणारी केंद्रं सुरू झाली आहेत. यंत्राला पाकीट देणं अवघड. आणि आज तरी काय होतंय? काही न तपासताच सगळं पास आहे. त्याहून वाईट काय होणार?

तोवर, घरात असा कोणी शौकीन भाचा-पुतण्या असेल तर त्याला रागावू नका. बदललेलं इंजिन आज तरी रस्त्यावर बेकायदा आहे, हे मात्र त्याला स्वच्छ सांगा. वेग हवाच असेल तर ट्रॅकवर जा म्हणावं, आणि तिथेही पैसे आधी ब्रेकवर आणि टायरवर घाल. त्यावर तो काय तोंड करतो ते बघा. त्याला गाडी आवडते की गाडीत बसलेला स्वतः आवडतो, हे तेवढ्यात कळतं.