कोमट सोमरस

आमच्या वर्गात सध्या दोन पंथ आहेत. एक, अमीश त्रिपाठी यांच्या शिवकथेचे तीनही भाग वाचून झालेल्यांचा. दुसरा, न वाचलेल्यांचा. पहिल्या पंथाची मंडळी दुसऱ्यांकडे ज्या करुणेने पाहतात ती असह्य होऊन मी ‘मेलुहाचे मृत्युंजय’ हा पहिला भाग एकदाचा वाचून काढला. आता मला कोणताच पंथ आपला मानीत नाही. पुस्तक टाकाऊ आहे असे मला म्हणवत नाही, आणि थोर म्हणण्यास जीभ रेटत नाही.

कल्पना मोठी आहे, हे आधी मान्य करतो. इसवी सनापूर्वी १९०० च्या सुमारास मानसरोवराकाठच्या एका टोळीचा नायक शिव आपली माणसे घेऊन मेलुहा राज्यात येतो. तेथे सोमरस पोटात जाताच त्याचा कंठ निळा पडतो आणि लोक त्याला त्राता ठरवतात. देव आधी माणूस होता, ही गोष्ट लेखकाने न डगमगता मांडली आहे. सोमरस मंदार पर्वतावर सरस्वतीच्या पाण्याने, जवळजवळ कारखान्यातल्यासारखा तयार होतो, हेही मला आवडले. ‘हर हर महादेव’ म्हणजे आपल्यापैकी प्रत्येकजण महादेव, हा अर्थ रणांगणावर उलगडतो तेथे तर मी पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ बसून राहिलो. त्र्यंबकेश्वरी ही आरोळी लहानपणापासून ऐकलेली, पण अर्थ कोण विचारतो?

मग उणे काय? माणसे. ती बोलू लागली की इसवी सनापूर्वीचा काळ पळून जातो आणि एखाद्या बँकेतील सभा चालली आहे असे वाटते. लेखकाचे शिक्षण कोलकात्याच्या व्यवस्थापन संस्थेत झाले आणि २०१० साली मूळ इंग्रजी पुस्तक निघाले तेव्हा ते वित्तक्षेत्रात नोकरीला होते. त्याचा दोष कोणी देऊ नये. पण मेलुहाची व्यवस्था शिवाला समजावून सांगण्यात पानेच्या पाने जातात. ‘ययाति’ आणि ‘युगान्त’ वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला पुराणातील पात्र माणूस झाले एवढ्यावर भागत नाही. त्या माणसाच्या मनात काय जळते ते त्याला पाहावयाचे असते.

आणि एक गोष्ट मला विशेष बोचली. मेलुहात ‘विकर्म’ नावाचा वर्ग आहे. पूर्वजन्मीच्या पापाची शिक्षा भोगणारी, इतरांनी स्पर्श टाळावा अशी ही माणसे. सतीदेखील विकर्म. येथे कादंबरीने खऱ्या दुखण्यावर बोट ठेवले आहे. पण हा कायदा जातो कसा? नीलकंठाच्या शब्दाने! आमच्या पंचवटीत काळाराम मंदिराच्या दारी २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वर्षानुवर्षे नेटाने चालविला, तरी दार उघडले नाही. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा झाली. अद्भुत कथेत इतिहास शोधू नये, असे एक मित्र म्हणाला. शोधला मी नाही, लेखकानेच अस्पृश्यतेचा प्रश्न कथेत आणला. आणल्यावर तो इतका स्वस्तात सोडवू नये, एवढेच म्हणणे. ज्यांच्यासाठी कायदा बदलला त्या विकर्मांनी स्वतः काय केले, हे मला वाचावयाचे होते. ते थोडे दिसते आणि लढाईच्या धुळीत हरवते.

शेवट तर अर्धवटच. युद्ध जिंकल्यावर शिवाला कळते की हरलेले चंद्रवंशी मुळी दुष्ट नव्हतेच. संबंध पुस्तकातील ही सर्वांत मोलाची जागा. तिचा सल नीट भिनतो न भिनतो तोच एक नाग सतीच्या समोर उभा राहतो आणि पुस्तक संपते. पुढचा भाग विकत घ्या! मालिकेतला असला तरी पहिल्या ग्रंथाने आपले काही पुरे करावे की नाही?

दुसऱ्या भागात नागांची राजधानी पंचवटी निघते असे ऐकतो. तेव्हा तो वाचणे आम्हां नाशिककरांना चुकणार नाही. मात्र विकत घेणार नाही. सार्वजनिक वाचनालयात नाव लावले आहे; माझ्या आधी बरेच जण रांगेत आहेत आणि मला घाई नाही.