किनाऱ्यावरचे भाडे

सांताक्रूझ म्हणजे इथे पश्चिम रेल्वेवरचे नव्हे, कॅलिफोर्नियातले. ‘नॅशनल लो इन्कम हाउसिंग कोअलिशन’च्या २०२४ च्या अहवालात अमेरिकेतले सर्वांत महाग भाडे याच भागातले ठरले. दोन बेडरूमचे साधे घर घ्यायचे आणि मिळकतीच्या ३० टक्क्यांतच भाडे बसवायचे, तर तासाला ७७.९६ डॉलर कमवावे लागत होते. राज्याचे किमान वेतन तेव्हा १६ डॉलर होते. म्हणजे हॉटेलात बशा विसळणाऱ्या जवळपास पाच जणांची कमाई एका घराला हवी!

एकीकडे मॉन्टेरे बे, दुसरीकडे रेडवूडचे डोंगर. बांधायला जागा थोडी. डोंगरापलीकडे सिलिकॉन व्हॅलीचे गलेलठ्ठ पगार. शिवाय गावात विद्यापीठ. २०१८ मध्ये तर विद्यापीठाने प्राध्यापक-कर्मचाऱ्यांनाच विनवले: घरात खोली रिकामी असेल तर एखाद्या विद्यार्थ्याला भाड्याने द्या.

त्याच वर्षी भाडेनियंत्रणाचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. ते एक वेळ समजू शकते. भाडी गोठवली की दुरुस्तीचे काय होते, हे मुंबईतल्या पागडीच्या चाळी सांगतील. पण २०२२ मध्ये रिकाम्या घरांवरचा करही नाकारला गेला. कुलूपबंद घरांची एवढी कणव कशासाठी?

उपाय घरे वाढवण्याचाच आहे. शहराच्या मध्यभागी बस स्थानकालगत परवडणारी घरे बांधायला घेतली गेली. इमारतींची उंचीमर्यादा वाढवण्याआधी मतदान घ्यावे, ही अट मार्च २०२४ मध्ये मतदारांनीच धुडकावली, हे बरे झाले.