परसात चिलीचा माड लावा

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, कॉर्नवॉलमध्ये किंवा डेव्हनमध्ये घर केलेल्या मराठी कुटुंबांना एक विनंती आहे. परसात माड हवासा वाटत असेल, तर नारळाचा नाद सोडा. तिथला पहिला हिवाळाही तो काढत नाही. त्याऐवजी चिलीचा माड, म्हणजे जुबेआ लावा.

हा नारळाच्याच कुळातला. त्याचं फळ सुपारीएवढं असतं. कवचावर तीन डोळे आणि आत गोड खोबरं. मूळचा तो मध्य चिलीतल्या डोंगरउतारांवरचा. आपल्याकडे पोय छेदून माडी काढतात आणि माड जगतो. चिलीत मात्र रसासाठी अख्खं झाड आडवं पाडत, आणि शेंड्यातून झिरपणारा रस आटवून पाक करत. 1834 साली तिथे गेलेल्या डार्विननेही हे लिहून ठेवलं आहे. अशा तोडीने जुबेआची रानं विरळ झाली. आता ला काम्पाना राष्ट्रीय उद्यानात त्यांना संरक्षण आहे.

मोठं झाड उणे 10 अंशांची थंडी सोसतं, म्हणून बर्फाला घाबरू नका. खरा धोका हिवाळाभर मुळाशी साचून राहणाऱ्या पाण्याचा. गार जमिनीत मुळं वाढत नाहीत, आणि त्यातच पाणी तुंबलं की कुजतात. चिकणमातीत खड्डा खणून त्यात रोप बसवलंत, तर पाणी त्याच खड्ड्यात उतरेल. त्यापेक्षा भरड वाळू आणि खडी मिसळून मातीचा उंचवटा करा, त्यावर लावा. जागा दक्षिणेकडे तोंड असलेली, दिवसभर उन्हाची निवडा. तिथला उन्हाळा मुळातच कोमट, त्यात सावली आली तर वाढ जवळजवळ थांबते. लागवड मे महिन्यात करा, म्हणजे थंडीआधी मुळं धरतील.

बी रुजायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. आधी कोंब खाली जातो, पान मागाहून वर येतं. म्हणून कुंडी खोल घ्या आणि माती उकरून पाहू नका. लहान रोपाला कडाक्याच्या थंडीत हवा खेळेल असं कापड पांघरा. प्लास्टिक गुंडाळू नका, आत दमट होऊन कोंब कुजतो. हिरव्या झावळ्या छाटू नका.

घराच्या भिंतीला खेटूनही लावू नका. खोड पुढे मीटरभर जाड होतं आणि झावळ्या तीन-चार मीटर पसरतात. खोड दिसायलाच कित्येक वर्षं जातात, फुलोऱ्याला अनेक दशकं. तो फुलोरा बहुधा तुमची मुलं पाहतील, म्हणून रोप लावताना त्यांना बरोबर घ्या. आणि विकत घेताना रोप रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेलं आहे ना, हे विचारा. रानातून उपटून आणलेलं झाड कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.